थो आणि धा

बावीस वर्षांत माझ्या हातून एकही फ्लास्क मेला नव्हता. फुशारकी म्हणून सांगत नाही. फुशारकी मारायला समोर कोणी तरी ऐकणारं लागतं.

पेशी वाढवणं हे माझं काम. आमच्या प्रयोगशाळेत एक आतली खोली आहे, दोघं उभे राहिले तर तिसऱ्याला कोपर लागेल एवढी. गाळलेल्या हवेचं एक हूड, दोन इन्क्युबेटर, एक मायक्रोस्कोप आणि कोपऱ्यात गोठवलेल्या पेशींची नायट्रोजनची टाकी. रोज आठच्या ठोक्याला मी तिथे असते. हात कोपरापर्यंत धुवायचे आणि एकेक फ्लास्क भिंगाखाली धरायचा. पेशी तळाला नीट चिकटल्यात का, गर्दी झाली का, वरचं गुलाबी पाणी पिवळं पडलंय का. पिवळं पडलं म्हणजे खाऊन संपलं, नवं द्या. लोक पेपर लिहितात, भाषणं ठोकतात, मी खाऊ घालते. सुट्टीच्या दिवशीसुद्धा येऊन घालते, कारण पेशींना रविवार कळत नाही.

आमचे सर दोन रिसेप्टरांवर काम करतात. रिसेप्टर म्हणजे पेशीच्या अंगात रुतवलेला दारावरचा माणूस समजा. बाहेरून एक रेणू येतो, हार्मोनसारखा. नुसतं हार्मोन म्हटलेलं सरांना खपत नाही, लगेच बोट वर होतं, 'सारखा! सारखा म्हणा!' हार्मोन लांबून रक्तातून येतं, हा शेजारच्याच पेशीतून येतो, एवढाच काय तो फरक. तर हा पाहुणा आत शिरत नाही. दाराशी येतो, रिसेप्टरला चिकटतो, त्याचं काम तिथेच संपतं. आत काय कळवायचं ते रिसेप्टरच्या हातात. आमचे दोघे एकाच घराण्यातले, चेहरेपट्टी सारखी, दाराशी येणारा पाहुणाही तोच. पण एक रिसेप्टर आत निरोप्यांची संख्या भसाभस वाढवतो आणि दुसरा आहेत तेवढेही कमी करतो. निरोप्या हे आमचं नाव. पेशीच्या आत बातमी पुढे नेणारा तो एक चिमुकला रेणू. तो वाढला की मशीनमध्ये पेशींची प्लेट चमकते, घटला की मंद होते. एवढंच शास्त्र आहे, बाकी सगळा आव.

कागदोपत्री या दोघांची नावं एक नंबर आणि दोन नंबर. ज्या क्रमाने सापडले त्या क्रमाने. आता मला सांगा, भर बैठकीत 'दोन नंबर' हा शब्द कोणी उच्चारावा का? सर अगदी गंभीर चेहऱ्याने विचारायचे, "काय मॅडम, आज दोन नंबर कसं झालं?" आणि मागच्या रांगेतली पोरं तोंडात रुमाल कोंबायची. शेवटी मीच वैतागून म्हटलं, सर, आपण यांना थोरली आणि धाकटी म्हणू. का, तर आमच्या घरी हुबेहूब असंच व्हायचं. वडील बाहेरच्या खोलीतून एकच वाक्य टाकायचे, "नळ कोणी चालू ठेवलाय?" की माझी थोरली बहीण भडकलीच म्हणून समजा. भांडी आपटणं काय, उत्तरं देणं काय. आणि मी मूग गिळून आत जायची ती संध्याकाळपर्यंत गप्प. वाक्य तेच, दोघींना एकदमच ऐकू आलेलं. म्हणून जो चढवतो ती थोरली आणि जो उतरवतो ती धाकटी. चढवणारा होता दोन नंबर आणि उतरवणारा एक नंबर, म्हणजे दोन नंबर झाली थोरली आणि एक नंबर झाली धाकटी. सर पोट धरून हसले. नाव चिकटलं ते चिकटलं.

चार वर्षांपूर्वी ताईची मुलगी आमच्याकडे पीएच.डी.ला आली. सरांकडे शब्द मीच टाकला. टाकायलाच हवा होता. आमच्या घरी दोघींपैकी एकीलाच पुढे शिकवणं जमणार होतं आणि मार्क माझे बरे होते, म्हणून ताईचं शिक्षण शाळेवर थांबलं आणि मी एम.एस्सी. झाले. नळावरून घर डोक्यावर घेणारी ताई याबद्दल मात्र आजतागायत एका अक्षराने बोललेली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं, मलाही चार शब्द सुनावता आले असते. पोरीला माझ्या हवाली करताना ती एवढंच म्हणाली, "हिचं होऊ दे गं नीट. मग मला काही नको."

पोरगी कष्टाळू. खोटं कशाला बोलू, सकाळी माझ्या आधी हजर असायची. मी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, घरी मावशी, इथे मॅडम. तिने ते इतकं मनावर घेतलं की वर्षभरात घरीसुद्धा तिच्या तोंडून मॅडम निघायला लागलं. आम्ही हसायचो.

सरांनी तिला काम दिलं ते असं. आजवर हे दोन रिसेप्टर एकाच जातीच्या पेशींत घालून तपासले होते. आता मूत्रपिंडाच्या पेशींत घालून बघायचे. घालून दिले मी. आठ महिने गेले त्यात. सोळा कुप्या गोठवल्या. कुपीचं झाकण असतं शर्टाच्या गुंडीएवढं, त्यावर काय निबंध लिहिणार? मी आठांवर 'थो' लिहिलं, आठांवर 'धा'. रजिस्टरमध्ये मात्र सगळं नीट लिहून ठेवलं, नंबर, तारीख, कुठला कप्पा, सगळं.

आणि वर्षभराने भाची सरांच्या खोलीतून अक्षरशः नाचत बाहेर आली. मूत्रपिंडाच्या पेशींत उलटं होत होतं! एक नंबर चढवत होता आणि दोन नंबर उतरवत होता. सर कित्येक वर्षं सांगत आले होते की सिग्नल रिसेप्टरच्या स्वभावात नसतो, ज्या पेशीत तो राहतो तिच्या स्वभावात असतो. घर बदललं की माणूस बदलतो, हे त्यांचं भाषणातलं ठरलेलं वाक्य. लोक माना डोलवायचे पण विश्वास कोणी ठेवत नव्हतं. आता पुरावा मिळाला. पेपर छापून आला, बरी नोकरी भाचीच्या दाराशी चालत आली, फक्त पदवी हातात पडायची बाकी होती. सर जिन्यात शीळ घालायला लागले. मीही फुगले होते. शेवटी पेशी माझ्या ना!

व्हायव्हाला दहा दिवस राहिले असताना दुसऱ्या एका प्रयोगशाळेतून सरांना पत्र आलं. भाषा अगदी लोण्यासारखी. आम्हाला तुमच्यासारखा निकाल मिळत नाही, काही आमचंच चुकत असेल, तर कृपया तुमच्या पेशी पाठवाल का? सर म्हणाले, "पाठवा की! आपल्याला काय लपवायचंय? दोन-दोन कुप्या द्या त्यांना."

पार्सलबरोबर एक फॉर्म जातो. कुठल्या कुपीत काय, किती वेळा वाढवलं, सगळं भरावं लागतं. वाढवल्याचा हिशोब भाचीच्या वहीत असणार म्हणून मी तिची पहिली वही काढली. पहिल्याच पानावर, देखण्या अक्षरात, खाली रेघ मारून लिहिलेलं होतं, 'थोरली म्हणजे आधी सापडलेली, एक नंबर. धाकटी म्हणजे नंतरची, दोन नंबर.'

मी ते तीनदा वाचलं. मग माझं रजिस्टर उघडलं, तेही तीनदा वाचलं. मूत्रपिंडाच्या पेशींत काहीही उलटं झालेलं नव्हतं. थोरली चढवत होती, धाकटी उतरवत होती, पहिल्यापासून करत आल्या तशाच. उलटी होती ती फक्त वही. तीन वर्षं, छापलेला पेपर, बांधून आलेला प्रबंध, सरांची शीळ, सगळं त्या एका पानावर उभं होतं.

माझं डोकंच फिरलं. अगं बाई, ज्या आईच्या भडकण्यावरून ते नाव पडलं तिच्या पोटची तू, आणि तुला कळू नये? येऊन विचारलं असतंस तर एका वाक्यात सांगितलं असतं. पण विचारायचं कोणाला, टेक्निशियनला? आणि मी तरी काय दिवे लावले होते! झाकणावर दोन अक्षरं खरडून मोकळी झाले, जसं काही सगळ्या जगाला आमच्या घरातलं ठाऊक आहे.

तिला आतल्या खोलीत बोलावलं, दार लावलं, वही आणि रजिस्टर शेजारी शेजारी ठेवलं. ती हुशार आहे. पाच सेकंदांत कळलं तिला. स्टुलावर मटकन बसली.

"मावशी," ती म्हणाली. किती दिवसांनी. "सरांना सांगितलंस?"

"अजून नाही. चल, आत्ताच जाऊ. व्हायव्हा पुढे ढकलू. नव्याने मांडणी कर, सहा महिने लागतील, फार तर वर्ष."

"वर्षभर नोकरी थांबणार नाही. आणि नव्याने मांडायला उरलंय काय? 'जे सगळ्यांना माहीत होतं तेच निघालं' यावर पदवी देतात का? पेपर मागे घ्यावा लागेल. माझं नाव घेतलं की लोक हसतील. सर तर मला दारात उभं करणार नाहीत."

"मग खोटं तसंच ठेवायचं?"

"दहा दिवस," ती म्हणाली. माझे दोन्ही हात तिने हातमोज्यांसकट धरले होते. "फक्त दहा दिवस, मावशी. पदवी हातात आली की मी स्वतः सरांना सांगते. आईशप्पथ. पेपरात दुरुस्ती मीच छापते. पण त्या कुप्या जिवंत पोचल्या तर ते आठवड्याच्या आत ओळखतील कुठला रिसेप्टर आहे ते, आणि व्हायव्हाच्या आधी पत्र येईल."

"म्हणजे काय करू म्हणतेस?"

ती नुसती टाकीकडे बघत राहिली.

मी म्हटलं, "मेलेल्या पेशींतूनसुद्धा त्यांना ओळखता येईल."

"येईल. पण मेलेली कुपी आली की कोण तपासत बसतं? दुसरी मागवतात. तू तेच करतेस, मीही तेच करते."

बरोबर होतं तिचं. माझ्याकडे आलेली मेलेली कुपी मी आजवर कचऱ्यातच टाकली होती.

मी चांगली खवळले तिच्यावर. तोंडाला येईल ते बोलले. तू माझ्याकडून हे करून घेतेस, लाज कशी वाटत नाही, बावीस वर्षांत मी हे केलं नाही, वगैरे. ती ऐकून घेत रडत होती. मग डोळे पुसून म्हणाली, "आई सगळ्यांना सांगून बसलीये गं." एवढं एकच वाक्य, आणि माझा सगळा आवाज बसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मी टाकी उघडली. पांढरी वाफ पायांवर उतरली. चार कुप्या काढल्या, दोन थो, दोन धा, आणि टेबलावरच्या स्टँडमध्ये ओळीने उभ्या केल्या. गोठवताना पेशींत एक औषध घालावं लागतं. थंडीत ते पेशींना वाचवतं, पण ऊब आली की तेच विष होतं. म्हणून कुपी वितळली रे वितळली की धावत पळत ती गुलाबी पाण्यात रिकामी करायची, पेशींच्या खाण्याच्या पाण्यात. शिकाऊ पोरांना पहिल्या दिवशी मी हेच ओरडून शिकवते. त्या दिवशी मी स्टुलावर हात मांडीवर ठेवून बसले. पाच मिनिटांत चारही कुप्या पाणी झाल्या. मी घड्याळ बघत बसले, पाऊण तास झाला, तास झाला. एकदा हात पुढे गेला माझा, सवयीने, तो मी ओढून घेतला. मग कुप्या पुन्हा गोठवल्या, ड्राय आइसच्या डब्यात भरल्या, वर लेबल चिकटवलं, 'जिवंत पेशी, काळजीपूर्वक हाताळा.' मला रडू आलं. पेशींसाठी नाही, त्या काय, टाकीत अजून होत्या. मला माझीच किळस आली.

सरांनी जाता जाता विचारलं, "गेलं का पार्सल?" मी म्हटलं, "गेलं." ते म्हणाले, "तुम्ही असल्यावर मला बघावं लागत नाही." मी मान खाली घातली.

व्हायव्हा मोठ्या हॉलमध्ये होती, कोणीही येऊन बसावं अशी. मी शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसले. भाची झकास बोलली. कुठे अडखळली नाही. तो उलटा आलेख पडद्यावर आला तेव्हा सर पुढे वाकून बघायला लागले, कितव्यांदा कोण जाणे. बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर होते, हळू बोलणारे. सगळं झाल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "एक विचारू? काल माझ्या एका मित्राशी बोलणं झालं. तुमच्याकडून त्यांना पेशी आल्या, त्या चारही कुप्या मेलेल्या निघाल्या. एखादी मरते, समजू शकतो. चारही? तुमच्या पेशींची तब्येत मुळातच बरी नसेल, तर या निकालावर मी किती भरवसा ठेवू?"

मला वाटलं, संपलं सगळं. मला वाटलं, आता ती म्हणेल, वाटेत बर्फ संपला असेल, कुरियरने उशीर केला असेल. दहा कारणं होती. मी मनातल्या मनात तिला ती सांगत होते.

ती अतिशय नम्रपणे म्हणाली, "माझ्या प्रयोगांच्या पेशी मी स्वतः सांभाळल्या आहेत, सर. त्यांची तब्येत उत्तम होती, नोंदी आहेत. बाहेर पाठवायचं काम आमच्या टेक्निशियन बघतात. त्या खूप अनुभवी आहेत, पण अलीकडे… त्यांना जरा कमी दिसतं. चुका होतात. आम्ही सांभाळून घेतो."

परीक्षकांनी समजुतीने मान हलवली. सरांनीही हलवली. मागे वळून त्यांनी माझ्याकडे बघितलं, रागाने नाही, कीव आल्यासारखं. ते मला जास्त लागलं.

उभं राहायला मला काय झालं होतं? रजिस्टर आतल्या खोलीत होतं, वीस पावलांवर. उघडून दाखवलं असतं तर त्याच मिनिटाला निकाल लागला असता, तिचाही आणि सरांचाही. तिने माझा केसाने गळा कापला होता आणि तरी माझे पाय हलले नाहीत, कारण पहिल्या रांगेत ताई बसली होती. नवी साडी नेसून, शास्त्रातलं काही एक न कळता, पोरीच्या तोंडाकडे बघत. मग टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.

पुढच्या सोमवारी सरांनी मला बोलावून घेतलं. "मॅडम, बावीस वर्षं झाली, तुम्हालाही आराम हवा," म्हणाले. आतल्या खोलीची किल्ली काढून घेतली. आता मी मागच्या बाजूला काचेची भांडी धुऊन वाळवून कपाटात लावते. माझ्या पेशी एक नवा मुलगा बघतो. परवा त्याच्या हातातल्या फ्लास्कमधलं पाणी मी लांबूनच बघितलं, पिवळंधमक. मी काही बोलले नाही. माझे डोळे अधू आहेत ना.

भाची नोकरीवर जायच्या आदल्या दिवशी भेटायला आली. मी म्हटलं, "सरांना सांगितलंस?" तर म्हणाली, "मावशी, आता कशाला उकरून काढायचं? सर इतके खूश आहेत. आणि मी तसं बोलले नसते तर दोघी अडकलो असतो, तुला कळतंय ना?" मला कळत होतं. तेवढी हुशार मीही आहे. ती वाकून नमस्कार करायला लागली तेव्हा मी पाय मागे घेतले. तिला ते दिसलं, पण ती थांबली नाही, बॅग उचलून गेली.

गेल्या आठवड्यात ताईचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं. मग आवाज एकदम मऊ करून म्हणाली, "एक सांगू? त्या दिवशी हॉलमध्ये ऐकलं मी सगळं. चार वर्षं पोरगी तुझ्या चुका निस्तरत होती, पण घरी एका शब्दाने बोलली नाही गं कधी. परीक्षकांनी विचारलं म्हणून नाइलाजाने सांगावं लागलं तिला. घरी येऊन रडली बिचारी. म्हणाली, आई, मावशीला यावरून काही बोलू नकोस."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मला आधी राग आला होता," ताई म्हणाली. "म्हटलं, मी तुझ्यासाठी शाळा सोडली, आणि तू माझ्या पोरीची पदवी घालवत होतीस. पण जाऊ दे. धाकटी बहीण आहेस. मी मनात धरलेलं नाही, तूही धरू नकोस. फक्त डोळे तेवढे दाखवून घे कुणाला तरी."

"बरं," मी म्हटलं. "घेते दाखवून."